मुळांवाचून

आमच्या गावी ओल्या भिंतीवर जे हिरवे दिसेल ते सारे शेवाळच. वनस्पतिशास्त्र मात्र शेवाळ आणि मॉस यांना निरनिराळ्या घरांत बसवते. मी कलाशाखेचा विद्यार्थी; पण ग्रंथालयातल्या एका पुस्तकात हे वाचले आणि मन त्यातच गुंतले.

मॉसच्या कित्येक जाती उशीसारखे गोल पुंजके करून वाढतात. युरोपातल्या जुन्या दगडी भिंतींवरील एका जातीचे नावच ग्रिमिया पल्विनाटा, म्हणजे उशीसारखी ग्रिमिया. बहुतेक मॉसच्या नामकरणाचा आरंभ हेडविगच्या, त्याच्या मृत्यूनंतर १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून धरतात. ल्युकोब्रियम ग्लॉकम या दुसऱ्या जातीच्या पानात हिरव्या पेशींच्या दोन्ही अंगांना मोठ्या, मृत, पोकळ पेशी असतात. त्या पाणी साठवतात. सुकल्या की पुंजका पांढुरका दिसतो.

मॉसला खरी मुळे नाहीत. केसासारखे मूलाभ रोपाला जागेवर धरून ठेवतात, एवढेच. एकटे रोप वाऱ्याउन्हात लवकर सुकते. शेकडो रोपे खेटून उभी राहिली की वारा आत शिरत नाही आणि ओल टिकते.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. वसतिगृहातल्या खोलीतील आम्हा चौघांचीही हीच गत. एकाच पुस्तकावर, एकमेकांच्या वह्यांवर आम्ही पहिले वर्ष काढले. यंदा आमच्यातला एकजण फीअभावी गावी परतला. त्याच्या कॉटवर आम्ही अजून काही ठेवलेले नाही. परीक्षेचा अर्ज भरायला थोडे दिवस उरले आहेत. तिघे मिळून त्याची फी जमवतो आहोत.