दुपारी एक ते दीड

मरोळच्या एमआयडीसीत दुपारचा एक वाजला की गाळ्यांच्या जिन्यांवर पावलं वाजू लागतात. कोणी डबा घेऊन गच्चीवर जातं, कोणी कॅन्टीनमध्ये, कोणी रस्त्यावरच्या वडापावच्या गाडीकडे. औषधांच्या गोळ्यांसाठी कागदी खोकी छापणाऱ्या, कापणाऱ्या आणि चिकटवणाऱ्या आमच्या कारखान्यातही हेच होतं. इथे ६४ माणसं काम करतात. त्यांची हजेरी आणि पगार बघणं हे माझं काम.

त्या ६४ जणांतला पेस्टिंग मशीनचा ऑपरेटर बऱ्याचदा एक वाजता जिन्यावर नसायचा. खोक्याच्या कडेला गोंदाची रेघ ओढणारं नोझल थांबलं की सुकतं, मग ते साफ करण्यात अर्धा-पाऊण तास मोडतो. माल त्याच दिवशी जायचा असला की तो मशीन चालू ठेवायचा आणि डबा बाजूच्या पुठ्ठ्यांवर उघडून दोन-चार घासांत जेवण उरकायचा. तसं झालं की सुपरवायझर मस्टरच्या समासात पेन्सिलीने 'जे. ना.' लिहायचा. जेवण नाही. महिनाअखेर मी ती अक्षरं मोजायची आणि त्याच्या ओव्हरटाइममध्ये अर्धा-अर्धा तास धरायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

२०२३ मध्ये मस्टर गेलं आणि हजेरीचं सॉफ्टवेअर आलं. सुरुवातीला सगळ्यांनी दिवसातून चार वेळा अंगठा लावायचा असं ठरलं : येताना, जेवायला जाताना, जेवून आल्यावर आणि घरी जाताना. ते आठवडाभरही टिकलं नाही. यंत्र एक, माणसं ६४. कागद आणि गोंद हाताळून अनेकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे 'थंब लागत नाही' ही तक्रार रोजची. तीस मिनिटांच्या सुट्टीतली सात-आठ मिनिटं नुसती रांगेत जायला लागली. तेव्हा मालकांनी सुचवलं, जेवणाची सुट्टी सॉफ्टवेअरलाच टाकू द्या. सूचना वाजवी होती. माणसांची मिनिटं वाचणार होती, म्हणून मलाही ती मनापासून पटली.

सेटिंग करायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर दोन चौकटी होत्या : किती तास काम झाल्यावर, आणि किती मिनिटं वजा. आधीच भरलेले आकडे होते ६ तासांनंतर ३० मिनिटं आणि ९ तासांनंतर ४५. हे आकडे जर्मनीच्या कामाच्या वेळेच्या कायद्यातले आहेत, हे मला नंतर कळलं. तिथे सहा तासांहून जास्त काम असेल तर अर्धा तास आणि नऊ तासांहून जास्त असेल तर पाऊण तास विश्रांती द्यावी लागते. आमच्या फाटकाजवळ तेव्हा कामाच्या वेळांची नोटीस टांगलेली होती ती १९४८ च्या कारखाने अधिनियमाची. त्याचं कलम ५५ सांगत होतं, सलग पाच तासांहून जास्त काम नाही, आणि त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी. मी ६ खोडून ५ केले, दुसरी ओळ काढून टाकली आणि सेव्ह केलं.

पहिला पगार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पेस्टिंगचा ऑपरेटर टाइम ऑफिसच्या दारात उभा राहिला. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा माणूस, आवाज कधी न चढवणारा. "ताई, माझे अकरा दिवस कुठे गेले?"

मी त्याचा तक्ता उघडला. महिनाभरात एकही खाडा नाही. आणि प्रत्येक दिवशी, न चुकता, एक ते दीड विश्रांती. सुपरवायझरच्या खिशातल्या वहीत मात्र अकरा 'जे. ना.' होते. सवयीने तो लिहीत राहिला होता, पण ती वही आता कोणी मागत नव्हतं.

अकरा अर्धे तास म्हणजे साडेपाच तास. आमची दिवसपाळी साडेआठ ते पाच, जेवण वगळून आठ तास, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे बरोबर ४८. कायद्याची आठवड्याची मर्यादाही तीच. म्हणून पूर्ण आठवडा भरणाऱ्या माणसाचं एक जेवण गेलं तरी तो अर्धा तास ४८ च्या वर जायचा आणि त्याला कलम ५९ प्रमाणे दुप्पट दर लागायचा. दुपटीने त्याचे अकरा तासांचे पैसे बुडाले होते. ते मी फरकाच्या रकमेत काढून दिले. तरीही मन लागेना. पैशांच्या चुका हिशेबात होतात आणि दुरुस्तही होतात. इथे दुसरंच काही घडलं होतं. ज्या अर्ध्या तासात तो माणूस मशीनपाशी उभा होता, त्याच अर्ध्या तासात तो विश्रांती घेत होता असा पुरावा मी तयार केला होता, आणि तोही महिनाभर, रोज.

माणसांच्या येण्याजाण्याची वेळ कागदावर उमटवणारं घड्याळ १८८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने केलं. पुढे ज्या कंपन्या एकत्र येऊन आयबीएम झाली, त्यांच्यात या घड्याळाचा धंदाही होता. कामगारांनी त्या घड्याळाला कितीही शिव्या घातल्या असतील, पण कोणी किल्ली फिरवल्याशिवाय ते काही छापत नव्हतं. माझ्या पडद्यावरच्या एक ते दीडला कोणाचाच हात लागलेला नव्हता.

त्या आठवड्यात मी सगळ्यांचे तक्ते एकेक करून उघडले. रात्रपाळीचा घोळ लगेच सुटला : मध्यरात्री तारीख बदलली की सॉफ्टवेअर पाळीचे दोन तुकडे करायचं, ते जोडून घेतले. जेवायला फाटकाबाहेर जाणारे आपणहून अंगठा लावत होते, त्यांची खरी पंचवीस मिनिटं कापून वर सॉफ्टवेअरची तीसही कापली जात होती. त्यालाही एक खूण करायची राहिली होती. नोंदलेली सुट्टी आधी धरायची आणि उरलेलीच वजा करायची.

तिसरी गोष्ट मात्र मला चांगलीच लागली. खोकी मोजून गठ्ठे बांधणाऱ्या मावशींचा पगार तासांवर असतो. एका दिवशी दोघींना घरी लवकर जायचं होतं. एक १:२५ ला निघाली. दुसरीने हातातला गठ्ठा पुरा केला आणि १:४० ला निघाली. दोघीही जेवल्या नव्हत्या, डबा तसाच घरी नेला. पहिलीचे ४ तास ५५ मिनिटं भरले, पाचाच्या आत, म्हणून काही कापलं गेलं नाही. दुसरीचे ५ तास १० मिनिटं झाले, रेषा ओलांडली गेली, तीस मिनिटं कापली गेली आणि हाती आले ४ तास ४०. पंधरा मिनिटं जास्त काम केलं म्हणून पंधरा मिनिटं कमी पगार. मावशींनी तक्रार केली नव्हती. मी तक्ता उघडला नसता तर ते कोणालाच कळलं नसतं.

हा अर्धा तास मुंबईच्या कामगारांना कोणी सहज दिलेला नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. तिथल्या मागण्यांत रविवारची सुट्टी होती, वेळेवर पगार होता आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. त्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. १८९० मध्ये रविवार मिळाला. १८९१ च्या कारखाने कायद्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवण्याची तरतूद आली. तो कायदा माझ्यासमोर ठेवला तर माझ्या सेटिंगमधली चूक एका क्रियापदात दिसते. कायदा म्हणतो अर्धा तास 'द्या'. मी सॉफ्टवेअरला सांगितलं होतं अर्धा तास 'काप'.

हीच गफलत मोठमोठ्या ठिकाणीही झालेली आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०२१ मध्ये असंच एक प्रकरण आलं. तिथलं सॉफ्टवेअर जेवणाच्या वेळा जवळच्या दहा मिनिटांना जुळवून घ्यायचं. ११:०२ ला गेलेला आणि ११:२५ ला परतलेला माणूस कागदावर ११ ते ११:३० असा पूर्ण अर्धा तास जेवलेला दिसायचा. न्यायालयाने सांगितलं, जेवणाच्या सुट्टीला हे जुळवणं चालणार नाही.

मी मालकांकडे गेले ते एक सूचना घेऊन. एक ते दीडची नोंद सॉफ्टवेअरने टाकावी, पण कच्ची. संध्याकाळी बाहेर पडताना अंगठा लावला की पडद्यावर विचारलं जावं : जेवण झालं का? 'नाही' दाबलं तर तो अर्धा तास कामात धरला जावा, त्यासाठी सुपरवायझरच्या मंजुरीची वाट बघायची नाही. आधी पैसे, मग चौकशी.

ते बराच वेळ गप्प होते. पैशांचं त्यांना काही वाटत नव्हतं. "हे 'नाही' कागदावर राहणार," ते म्हणाले. "उद्या तपासणीला कोणी आलं तर आपल्याच नोंदींवरून कळेल की आपण विश्रांती दिली नाही." त्यांचं म्हणणं खरं होतं. दुप्पट पैसे दिले म्हणून कलम ५५ चा भंग मिटत नव्हता. मी एवढंच म्हटलं, नोंद खोटी ठेवली तर भंग लपेल आणि तो माणूस उभाच राहील. दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार कळवला. या गोष्टीत मला त्यांचा सर्वांत जास्त आदर वाटला तो इथे.

बाकीच्या दुरुस्त्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाने फोनवर सांगत सांगत करून घेतल्या. मावशींसाठी एक नियम बसवला : अर्ध्या दिवसाच्या माणसाची पाच तासांच्या वर गेलेलीच मिनिटं वजा होतील, त्याहून जास्त नाही. म्हणजे ५ तास १० मिनिटांचे फार तर पाच होतील, चार चाळीस कधीच नाही. आणि त्या दहा मिनिटांनाही मावशी 'जेवण झालं नाही' दाबू शकतात.

महिनाअखेर सगळ्या 'नाहीं'ची यादी काढली. बाकीच्या मशीनवर एखाददुसरा, पेस्टिंगवर नऊ. पेन्सिलीची अक्षरं समासात वर्षानुवर्षं होती, पण सगळ्या मशीनच्या यादीत एका मशीनपुढे नऊचा ढीग अशी ती कधी कोणी पाहिली नव्हती, मीही नाही. मालकांनी यादी बघितली आणि पंचिंगच्या एका हेल्परला पेस्टिंग शिकवायला लावलं. आता ऑपरेटर साडेबारा ते एक जेवतो, तेवढा वेळ हेल्पर मशीन सांभाळतो आणि मग एकला सगळ्यांबरोबर निघतो. फाटकाजवळच्या नोटिशीत त्या दोघांच्या वेळा वेगळ्या लिहिल्या.

आकडे पुढेही बदलत राहणार आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला आणि विश्रांती पाचऐवजी सहा तासांनंतर ठेवायला मंजुरी दिली. ती बातमी वाचली तेव्हा मला ती पहिली चौकट आठवली. मी खोडलेला ६. चौकटीत कोणताही आकडा आला तरी संध्याकाळचा तो प्रश्न मी काढणार नाही.

हेल्परची सोय सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात ऑपरेटरच्या नावापुढे 'जेवण झालं नाही' दोनदा आलं. दुसऱ्या महिन्यात एकदाच. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि हेल्पर दुपारपर्यंत साकीनाक्याच्या पाण्यात अडकून पडला होता.