कावीळ नसलेली कावीळ

आपल्याकडे कावीळ म्हटली की डोळे पिवळे, उसाचा रस, गळ्यात माळ आणि पलीकडच्या गावातला कावीळ उतरवणारा. 'ब' कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस-बी, या चित्रात कुठेच बसत नाही. जिच्या रक्तात तिचा विषाणू वर्षानुवर्षं मुक्काम करून आहे ती बाई बहुधा ठणठणीत असते, डोळे पांढरे, भूक चांगली. तिला पहिल्यांदा कळतं ते दिवस गेल्यावर, तपासणीच्या कागदावर: एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात 'ब' आहे. हिपॅटायटिसला 'कावीळ' हे नाव ज्याने दिलं त्याने सोय केली आणि घोटाळाही. दूषित पाण्यातून होणारी 'ई' कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाईच्या जिवावर उठू शकते. 'ब' आईला बाळंतपणात सहसा काही करत नाही. त्याचा डोळा बाळावर असतो. दोघींना एकच शब्द!

*

2022 साली जगात 'ब'चा जुनाट संसर्ग असलेले लोक 25 कोटी 40 लाख, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. म्हणजे शंभरात साधारण तिघं. गरोदर बायकांत किती, असं विचारलं की हीच सरासरी पुढे करायचा मोह होतो. पण सरासरीने इथे काही हाती लागत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या काही भागांत शंभर गरोदर बायकांमागे आठ-दहाजणी, उत्तर युरोपात हजारामागे मोजक्या.

भारतात बहुतेक पाहण्यांत हा आकडा शंभरी एकच्या आगेमागे येतो. एक टक्का म्हणजे किरकोळ वाटतं. वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर बाळंतपणं होतात, त्याचा एक टक्का काढा: दोन लाखांहून जास्त आया.

*

गरोदर बाईचा आकडा इतका महत्त्वाचा का, तर धडधाकट माणसाचं रक्त सरसकट तपासलं जाण्याच्या जागा जगात फार थोड्या आहेत. रक्तपेढी आणि प्रसूतिपूर्व तपासणीची रांग. रक्तपेढीत निवडक माणसं येतात. रांगेत बहुतेक सगळ्या गरोदर बायका येतात.

*

अमेरिकेत 1988 पर्यंत फक्त 'जोखमीच्या' गरोदर बायकांची तपासणी करत. प्रश्न विचारायचे, संशय आला तर रक्त घ्यायचं. पुढे लक्षात आलं की या चाळणीतून जवळपास निम्म्या लागण झालेल्या बायका निसटतात. मग सगळ्यांचीच तपासणी सुरू झाली. चेहरा पाहून रक्त ओळखता येतं हा भ्रम डॉक्टरांनाही होता, हे वाचून जरा बरं वाटलं.

*

दोन आया, दोघीही पॉझिटिव्ह, तरी बाळांचं भवितव्य सारखं नाही. फरक करतं ते 'ई-अँटिजेन' (या 'ई'चा 'ई' काविळीशी संबंध नाही, नावं ठेवणाऱ्यांनी इथेही घोळ घातलाच). ते रक्तात असेल तर विषाणूची पैदास जोरात चालू आहे असं समजायचं. काहीच उपाय केला नाही तर अशा आईच्या दहापैकी नऊ बाळांना लागण होऊ शकते. ते नसेल तर धोका बराच खाली येतो.

पूर्व आशियात बाळंतपणाच्या वयातल्या पॉझिटिव्ह बायकांत ई-अँटिजेन पुष्कळ सापडतं, आफ्रिकेत त्या मानाने कमी. म्हणून चीन-तैवानात मूल आईकडून जन्माच्या वेळी विषाणू घेई, आणि आफ्रिकेत बरीच मुलं तो पहिल्या काही वर्षांत घेतात, घरात, भावंडांत, खेळताना.

*

दुसरा हिशेब वयाचा. मोठ्या माणसाला 'ब' झाला तर शंभरातले पंचाण्णव तो परतवून लावतात. जन्मतः झाला तर शंभरातल्या नव्वदांत तो कायमचा राहतो. मग त्यातल्या काहींचं तीस-चाळीस वर्षांनी यकृत आक्रसतं, किंवा त्यांना कर्करोग होतो. 2022 मध्ये 'ब'ने 11 लाख माणसं गेली. त्यातल्या कितीतरी जणांच्या मरणाची सुरुवात बाळंतिणीच्या खोलीत झाली असणार.

*

सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री कपाळावर लिहायला येते. हा विषाणू पहिल्याच दिवशी लिहून मोकळा होतो. लागण पोटात क्वचित होते, मुख्यतः बाळंत होताना, आईच्या रक्ताशी संपर्क आल्याने. म्हणूनच लस जन्मानंतरही उपयोगी पडते. पण 24 तासांच्या आत.

2022 मध्ये जगातल्या साधारण 45 टक्के बाळांना हा जन्मडोस वेळेत मिळाला, आफ्रिकेत 18 टक्क्यांना. घरी बाळंतपण झालं तर लस घेऊन कोण जाणार? दवाखान्यात झालं तरी अडचण असतेच. आपल्या सरकारी कार्यक्रमातली कुपी दहा डोसांची. एका बाळासाठी ती फोडायची आणि उरलेले नऊ वाया गेले तर जाब कुणी द्यायचा, या धास्तीने हात आखडतो. खरं तर उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर चार आठवडे वापरायला परवानगी आहे. परिपत्रक असतं, धास्ती त्याहून जुनी असते.

*

पॉझिटिव्ह कागद घरी आला की पहिला प्रश्न सुनेला: 'हे कुठून आणलंस?' मग ताटवाटी वेगळी. ताटवाटीतून 'ब' पसरत नाही, अंगावर पाजल्यानेही नाही. आणि कुठून आणलं याचं उत्तर पुष्कळदा तिच्या स्वतःच्या जन्माच्या दिवशीच सापडेल, किंवा तिला आठवणार नाही इतक्या लहानपणी. नवऱ्याचं रक्त कुणी तपासायला पाठवतं का?

*

विषाणू फार असेल तर आईला शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिर या विषाणूरोधक औषधाची गोळी. रोज एक. एवढंच लिहून ठेवतो.

*

तैवान. सत्तरच्या दशकात संशोधक पामर बीसली आणि सहकाऱ्यांनी तिथे दाखवून दिलं की आई ते बाळ हा विषाणूचा हमरस्ता आहे. 1984 च्या जुलैत लसीकरण सुरू झालं, आधी पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना, दोन वर्षांनी सगळ्या नवजातांना. मुलांतला संसर्ग दहा टक्क्यांच्या आसपास होता, तो एक टक्क्याखाली आला. मुलांमधला यकृताचा कर्करोगही घटला. मला यापुढचा भाग जास्त आवडतो: त्या लसवाल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना दिवस गेले, त्या तपासणीला आल्या आणि गरोदर बायकांतला आकडाही उतरला.

*

भारतात ही लस देशभराच्या कार्यक्रमात आली 2011 साली. त्या वर्षी जन्मलेल्या मुली अजून शाळेत आहेत. तपासणीच्या रांगेत त्या 2030 नंतर येतील.