अण्णांच्या नावाचा गॅस

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गॅसचा वास मला आला नाही, ही गोष्ट आमच्या घरात माझ्या एकंदर स्वभावाचा पुरावा म्हणून अजूनही सांगितली जाते. त्या दिवशी मला सर्दी झाली होती, हा माझा खुलासा कुणी मनावर घेत नाही. सौ. म्हणते, "तुम्हांला बारा महिने सर्दीच असते!"

रेशीमबागेतल्या आमच्या घरी पूजेची तयारी चालली होती. दारात पणत्या लागल्या होत्या, देवघरात समई तेवत होती, आणि चकल्यांचा शेवटचा घाणा राहिला म्हणून नुकताच नवा सिलिंडर लावला होता. सौ. एकाएकी थबकली. "अहो, गॅसचा वास येतोय!" मी कर्तव्यदक्षतेने पंख्याच्या बटनाकडे धावलो, तोच ती ओरडली, "हात लावू नका त्याला!" तिचेच बरोबर होते. हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर न जाता जमिनीलगत साचून राहतो, आणि बटनातली एखादी ठिणगीही त्याला पुरते. मूळच्या गॅसला वासही नसतो म्हणे. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. माझ्यासारख्यांची मात्र काही सोय केलेली नाही.

तिने रेग्युलेटर बंद करून काढला, सिलिंडरवर टोपण बसवले, दारे-खिडक्या सताड उघडल्या. पोरांनी पणत्या मालवल्या. आणि आईने? पंच्याऐंशी वर्षांची आमची आई देवघरात गेली, ताटातले एक फूल उचलले आणि लक्ष्मीपुढची समई स्वतःच्या हाताने शांत केली. सगळे शहर उजळलेले, आणि आम्ही अंगणात अंधारात उभे! फटाक्याचा प्रत्येक आवाज काळजात शिरत होता.

मी एजन्सीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. सण होता, कचेरी बंद होती. पण गॅसला सणाची सुट्टी असते, हे मला कुणी सांगितले नव्हते. शेवटी शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी कुंपणावरून म्हणाली, "काका, एकोणीसशे सहा लावा न!" मला वाटले, पोरगी इतिहासातले साल सांगते आहे. तो होता गळतीच्या तक्रारीचा नंबर, १९०६. १ जानेवारी २०१६ पासून तो रात्रंदिवस चालू आहे, आणि कंपनी कोणतीही असो, तो एकच आहे. हे आमच्या घरात एकालाही ठाऊक नव्हते.

तासाभरात एक तरुण मेकॅनिक आला. सिलिंडरच्या तोंडाशी, आतल्या बाजूला एक बारीकसे रबरी कडे असते. ते चिरले होते. त्याने ते बदलले, साबणाचे पाणी लावून फुगे येतात का पाहिले, आणि जाता जाता नळीवर छापलेले साल मला दाखवले. पाच वर्षांनी बदलायची नळी आम्ही आठ वर्षे वापरीत होतो! फराळाची पुडी हातात घेताना तो म्हणाला, "बाबूजी, कडं दोन रुपयांचं, पण घर लाखाचं असते."

समई पुन्हा लागली. माझा राग मात्र मालवेना. एजन्सीच काय, कंपनीच बदलून टाकीन, असे मी भाऊबिजेपर्यंत रोज जाहीर केले. शेजारी म्हणत होतेच, की अमुक कंपनीचा सिलिंडर दोन दिवसांत येतो. नागपुरात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांतली विजेची वाटणी २०११ साली खासगी कंपनीकडे गेली, २०१९ साली पुन्हा महावितरणकडे आली. दोन्ही वेळा आम्हां ग्राहकांना कुणी विचारले नव्हते. गॅसचे तसे नाही. २०१४ साली एका कंपनीचा गॅस सोडून दुसरीचा घेण्याची मुभा मिळाली. म्हणजे निवड माझ्या हातात होती, आणि हातात निवड असलेला रागावलेला माणूस मोठा धोकादायक असतो.

सौ. शांतपणे म्हणाली, "बदला की. पण सिलिंडर किती दिवसांत येतो, ते नंतर विचारा. रात्री-बेरात्री वास आला तर कोण येतं, आणि काही बरंवाईट झालं तर कोण भरून देतं, ते आधी विचारून या."

दुसऱ्या कंपनीच्या एजन्सीत गेलो. टेबलामागचा मुलगा चुणचुणीत होता. माझा पहिला प्रश्न ऐकून तो हसला. "काकाजी, वासाच्या तक्रारीला १९०६च. इथं या नाहीतर तिथं राहा, नंबर एकच." म्हणजे ज्या रात्रीसाठी मी घर बदलल्याच्या आवेशात निघालो होतो, ती रात्र दोन्हीकडे सारखीच होती!

मग मी विम्याचे विचारले. तेलकंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो आणि त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही, हेही मला त्या दिवशीच कळले. अपघाती मृत्यू आला तर माणशी सहा लाख. औषधोपचाराला एका अपघातामागे तीस लाखांपर्यंत, पण माणशी दोन लाखांच्या आत. आणि मालमत्तेच्या नुकसानीला दोन लाखांपर्यंत. मालमत्तेची भरपाई मात्र नोंदलेल्या ग्राहकाच्या नोंदलेल्या जागेतच. एवढे सांगून त्याने सहज विचारले, "गॅस कोणाच्या नावावर आहे, काकाजी?"

"वडिलांच्या."

"आणि पत्ता?"

मी गप्प झालो. पत्ता महालातल्या जुन्या घराचा होता. ते घर सोडून आम्ही २००९ साली रेशीमबागेत आलो. एजन्सी तीच राहिली, सिलिंडर आणणारा माणूस ओळखीचा, म्हणून पत्ता बदलण्याची गरज कुणाला वाटली नाही. आणि अण्णा तर २०१२ साली गेले.

"मग आधी ते दुरुस्त करा," तो म्हणाला. "बदलायचं काय, मागाहून बदला."

परत येताना मी पायीच आलो. खरे सांगतो, नाव बदलायचे मी विसरलो नव्हतो. गॅससाठी वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागे, त्या काळात अण्णांनी तो मिळवला होता. शेगडी घरी आली त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा करून आईला दिला होता. बँकेतून, रेशनकार्डावरून, घरपट्टीवरून त्यांचे नाव मीच एकेक करून काढले. एक गॅसची पावती तेवढी राहिली होती. तिच्यावर त्यांचे पूर्ण नाव छापून येई आणि खाली मी सही करीत असे. वाटे, एवढ्या एका दप्तरात तरी अण्णा अजून आहेत, असू द्यावेत.

भीतभीत आईला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांनी गॅस घेतला तो माझे डोळे धुराने जाऊ नयेत म्हणून. घर उघड्यावर टाकून त्यांचं नाव कशाला जपतोस? त्यांनीच तुला रागावलं असतं."

मृत्यूचा दाखला, नव्या पत्त्याचा पुरावा आणि अमरावतीच्या बहिणीचे संमतिपत्र, असे सगळे कागद दिले आणि गॅस आईच्या नावावर केला. पहिली पावती आली, तेव्हा तिने ती दोनदा वाचून घेतली. "आता गॅस माझा," ती सुनेला म्हणाली, "पण स्वयंपाक तुझाच हो!" आणि अण्णांच्या नावाची शेवटची पावती तिने आपल्या डब्यात जपून ठेवली.

कंपनी आम्ही अजून बदललेली नाही. कदाचित बदलूही, पण आता तो रागाचा विषय राहिलेला नाही. सिलिंडर आला की मी वरच्या पट्टीवरचे अक्षर नि आकडा वाचतो: ‘बी’ आणि सत्तावीस म्हणजे पुढच्या चाचणीची मुदत २०२७च्या एप्रिल ते जूनची. नळी नवी आहे. आणि शेगडीमागच्या भिंतीवर, ‘श्री’च्या खाली, आईने कुंकवाने मोठे आकडे काढून ठेवले आहेत: १९०६.

यंदा लक्ष्मीपुढची समई रात्रभर तेवेल, असा आमचा बेत आहे. मला मात्र आतापासूनच थोडी सर्दी वाटते आहे.