भाव आधी की माल आधी

द्राक्षमद्याचा विषय या पानांवर पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. त्यांनी निर्धास्त असावे. मला बोलायचे आहे ते निपाणीच्या तंबाखूविषयी. परंतु त्या व्यवहाराची गाठ उकलण्यास फ्रान्समधील बोर्दो प्रांताचा एक रिवाज फार उपयोगी पडतो.

तेथे शरदात द्राक्षे उतरतात, आणि पुढच्या वसंतात, मद्य अजून लाकडी पिंपांत मुरत असतानाच, ते चाखून त्याचा भाव जाहीर केला जातो. ग्राहक तेव्हाच पैसे मोजतो. बाटली हाती येते ती दीड-दोन वर्षांनी. यावर तेथे मोठा वाद आहे. अर्धवट मुरलेल्या मद्याची पारख ती काय व्हायची, आणि पुढे तीच बाटली बाजारात स्वस्त मिळाली तर आगाऊ पैसे भरून काय साधले, असा ग्राहकांचा सवाल आहे. शातो लातूर या नामांकित मद्यशाळेने (आपल्या लातूरशी तिचा काही संबंध नाही) २०१२ मध्ये ही पद्धतच सोडून दिली.

कोकण-गोव्याकडील वाचकांस यात नवल वाटू नये. मोहोरावर आंब्याची बाग घेणारा व्यापारी हेच करतो. मोहोर गळाला तर तोटा त्याचा, झाडे लगडली तर नफाही त्याचाच. पण दोन्हीकडे रक्कम आधी ठरते. घेणारा जोखीम पत्करतो ती डोळे उघडे ठेवून.

निपाणीच्या बिडी-तंबाखूत मात्र गंगा उलटी वाहत आली. व्यापाऱ्याने उचल द्यावी, शेतकऱ्याने माल त्याच्या वखारीत टाकावा, आणि भाव मागाहून ठरावा, तोही बहुधा व्यापाऱ्याच्याच तोंडून! मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू-उत्पादक पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले, ते रास्त भावासाठी. ६ एप्रिल रोजी पोलिसांचा गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले.

वकिलीत एकदा एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी घडी घातलेली चिठ्ठी काढली. तीवर वजन होते, तारीख होती, भाव नव्हता. ‘वकीलसाहेब, हा कागद चालंल का?’ त्यांनी विचारले. कागद चालणार होता. १९३० चा मालविक्रीचा कायदा हाती न आलेल्या, भावी मालाचाही करार मान्य करतो. आणि किंमत ठरलेली नसेल तर खरेदीदाराने वाजवी किंमत द्यावी, असे त्याचे नववे कलम सांगते. मात्र वाजवी म्हणजे किती, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. उचलेच्या ओझ्याखालील माणसाने, ज्याच्या दारी पुढच्या वर्षी पुन्हा जायचे त्याच्याविरुद्ध, साक्षीदार कोठून उभे करावेत? त्यांनी चिठ्ठी पुन्हा घडी करून खिशात ठेवली. दावा लावलाच नाही.

याच राज्यात, म्हैसूरकडील व्हर्जिनिया तंबाखूला १९८४ पासून तंबाखू मंडळाचा लिलाव लाभला. बिडी-तंबाखू त्याच्या कक्षेबाहेर राहिला. लिलाव दूरची गोष्ट असेल. निदान काट्याच्या चिठ्ठीवर वजनाशेजारी भावाचा रकाना असावा, आणि तो भरल्यावाचून बोद वखारीच्या उंबऱ्याआत जाऊ नये, एवढे तरी कायद्याने सांगावे, असे मला वाटते.