मायचा उजवा हात

२०१९ साली दिवाळीनंतर, ऊसतोडीला निघायच्या तयारीत असताना मायला अर्धांगवायूचा झटका आला. ज्या हातानं जन्मभर कोयता धरला, त्याचीच मूठ आवळली. नखं तळव्यात रुतू लागली.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात व्यायामाच्या ताईंनी प्लॅस्टिकची फळी पट्ट्यांनी बांधून दिली. तिला स्प्लिंट म्हणतात. किती वेळ बांधायची तेही सांगितलं. पण मला धीर कुठला? रात्रंदिवस बांधली की हात लवकर चालेल, असं वाटलं. चौथ्या दिवशी मनगटावर लाल वळ उठले.

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, फळी बोटं उघडी धरते, ताकद देत नाही. ऑस्ट्रेलियात ६३ रुग्णांवर अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. चार आठवडे रात्री फळी बांधूनही आखडणं टळलं नाही. हात कामाला लावा."

वाचकहो, लुळ्या हाताला धरून पेशंटला उठवूही नका, खांदा दुखावतो. हे मला उशिरा कळलं.

मग रोज तळवा धुणं, कोरडा करणं, बोटं हळूहळू उघडणं. एके दिवशी मायनं त्या हातानं पेला दाबून धरला अन् डाव्यानं पाणी ओतलं. निम्मं सांडलं. मी पुसायला उठलो.

"ऱ्हाऊ दे," माय म्हणाली, "ह्याच हातानं पुसते."