सोडून दिलेला गोबरा

पन्नाशी उलटल्यावर प्रथमच गरी हातांत धरणाऱ्याची फजिती व्हावयाचीच, असें म्हणून वाचक हंसतील. आमची फजिती मात्र निराळ्या जातीची आहे.

वेंगुर्ल्याहून पहांटे निघालेली आमची भाड्याची होडी, समुद्रांतील ज्या खडकांवर दीपगृह आहे आणि ज्यांच्या गुहांतून पाकोळ्या लाळेचीं घरटीं करतात, त्या खडकांजवळ नांगरली. पाणी १२ वाव, म्हणजे ७२ फूट, तळाशीं खडप. खडपांत जाळें अडकून फाटतें, म्हणून येथें दोरी आणि गरी. "मास्तरांनू, मुठीत नको, बोटार धरा," वयानें आमच्याहून वडील असलेला तांडेल म्हणाला. शिसें वाळूवर बसलें कीं खडकावर, हें बोटास कळूं लागेपर्यंत माकुलाचे चार तुकडे फुकट गेले. मग दोन तांबोश्या लागल्या आणि आम्हांस वाचा फुटली.

तिसरा आला तो वीतभर गोबरा. गोबऱ्याच्या बहुतेक जाती प्रथम मादी असतात व मोठेपणीं त्यांतील कांहींचे नर होतात, हें प्राणिशास्त्राच्या एका सहाध्यापकांकडून आम्हीं ऐकलें होतें. लहान गोबरा मारणें म्हणजे उद्यांच्या आईस मारणें, असें एक छोटेंसें व्याख्यान आम्हीं तेथेंच दिलें. तांडेलानें तें शांतपणें ऐकलें, गरी काढली आणि मासा आमच्या हातीं दिला. त्याच्या तोंडांतून फुग्यासारखें कांहीं बाहेर आलें होतें. तें गरीमुळें असावें, असें आम्हीं स्वतःच ठरविलें. मोठ्या समाधानानें आम्हीं त्यास पाण्यांत सोडलें.

तो बुडाला नाहीं. कुशीवर तरंगत, शेपटी हालवीत राहिला. त्या खोलीवर दाब पृष्ठावरच्या तिपटीहून अधिक; मासा झटकन वर ओढला कीं त्याच्या हवेच्या पिशवीतील हवा तितकीच फुगते आणि पोट उलटून तोंडावाटे बाहेर येतें. बॉइलचा नियम आम्हीं शाळेंत घोकला होता! पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड खालीं आला आणि त्यास उचलून गेला.

"घराकडे तेची कढी तरी झाली असती," तांडेल पुटपुटला.

"तुम्हांस हें ठाऊक होतें, तर बोललां कां नाहीं?"

"तुमी शिकलेली माणसा. म्हटलंय, तुमका म्हायत आसतला."

या बोलण्यांत टोमणा होता काय, याचा आम्हीं बराच विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर तरी तो दिसला नाहीं. त्यानें आमची गरी कापली आणि लहान माशाच्या तोंडांत मावणार नाहीं अशी मोठी बांधली. त्यानंतर दुपार टळेपर्यंत दोरीस कोणीही हात लावला नाहीं. ऊन फार होतें.

मुक्कामीं परतल्यावर मुलीनें विचारलें, "किती मासे लागले, बाबा?"

"दोन," आम्ही म्हणालों.