मी गेलो, की मी गेले?

भालकी-बसवकल्याणकडील आम्हां विद्यार्थ्यांच्या जिभेवर मराठी व कन्नड दोन्ही नांदतात. मराठीत ‘मी’ म्हटले की ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवावेच लागते. कन्नडात मुलगा असो वा मुलगी, ‘नानु होदे’ एवढ्याने भागते. आमच्या वर्गातील एक व्यक्ती (हा शब्दही स्त्रीलिंगीच, इलाज नाही!) स्वतःविषयी बोलताना नेहमी कन्नडात शिरे. आम्ही हसत असू. एके दिवशी उत्तर मिळाले, “मी आतून मुलगाही नाही, मुलगीही नाही.” आम्ही खजील झालो.

स्वतःस कोणतेच लिंग लागू न वाटणाऱ्यांस हल्ली ‘एजेंडर’ म्हणतात. त्यांत कोणी वेष बदलतात, कोणी नाव, कोणी काहीच नाही. आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यास आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केले. पण पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात असलेल्या मुदनूरचे विणकर वचनकार दासिमय्या यांनी तर शेकडो वर्षांपूर्वीच आतला आत्मा स्त्रीही नाही, पुरुषही नाही असे मानले होते!

मराठीतही एक वाट आहे. ‘आम्ही गेलो’ म्हटले की भेद उरत नाही. परवा तास सुरू झाल्यावर दारातून आवाज आला, “गुरुजी, आम्ही आलो.” मागे दुसरे कोणीच नव्हते, तरी वर्गात कोणी हसले नाही.